अंड्यावर आल्या की कोंबड्या एकमेकींना टोचतात? आधी शेड तपासा

तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणल्या, २० आठवड्यांपर्यंत एकीचंही पीस वाकडं झालं नाही. पहिली अंडी दिसली, घरात सगळे खूश. आणि त्याच पंधरवड्यात एका सकाळी कोपऱ्यात एक कोंबडी मरून पडलेली, मागची बाजू पोखरलेली. दोन दिवसांनी आणखी एक. मग पळापळ सुरू होते. कुणी चोची पुन्हा तासून घेतो, कुणी पाण्यात मीठ टाकतो, कुणी दुकानदाराने दिलेली पावडर घालतो. 'ही जातच मारकी' म्हणून पुढच्या खेपेला दुसऱ्या हॅचरीची पिल्लं येतात. ती २२-२४ आठवड्यांची झाली की पुन्हा तेच.

सांगलीच्या पूर्व भागात आणि साताऱ्याकडे माण-खटावात गादीवर, म्हणजे पिंजऱ्यात न ठेवता जमिनीवर तूस-टरफलं अंथरून, दोनशे-चारशे ते हजार कोंबड्या पाळणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं मी सारखं ऐकतो. बॅच बदलली, जात बदलली, खाद्याची कंपनी बदलली. शेड मात्र तीच राहिली. त्यामुळे शोध तिथूनच सुरू करायचा.

रक्त दिसलं असेल तर आधी एवढं करा

बाकीचं नंतर वाचा. जखमी कोंबडी त्याच क्षणी बाहेर काढा. लाल ओली जखम दिसली की उरलेल्या तिच्यावर तुटून पडतात, आणि एकदा रक्ताची चव लागली की ती सवय इतरांत पसरते. जखम स्वच्छ करून पोविडोन आयोडीन लावा. तिला लांब गोठ्यात नेऊन ठेवू नका, शेडमध्येच जाळीच्या आड ठेवा, म्हणजे बाकीच्या तिला विसरत नाहीत. कातडी पूर्ण भरून आली की संध्याकाळी अंधार पडताना आत सोडा. दुपारी सोडली तर तिला पाहुणी समजून पुन्हा झोडपतात.

मग अर्धा तास बादली उपडी घालून शेडमध्ये नुसते बसा. वेळ सकाळी ८ ते ११, कारण बहुतेक अंडी त्याच वेळात पडतात. टोचणाऱ्या सगळ्या नसतात, चार-पाचच असतात. चोचीला आणि तोंडाला रक्त लागलेलं दिसतं, दुसरीच्या मागे मागे फिरताना दिसतात. त्यांनाही वेगळं करा. ज्या बाजूने ऊन आत येतंय तिथे गोणपाट लावा. मोठा बल्ब असेल तर काढून लहान लावा. आणि कडब्याच्या दोन-तीन पेंढ्या आत टांगा. का, ते पुढे येईल.

एवढ्याने मर थांबते. कारण तसंच राहतं.

पिसं कुठली गेलीत ते बघा

सगळ्या टोचाटोचीला एकच औषध नाही, कारण ती एक गोष्टच नाही. कोंबडी हातात घेऊन उलटी-सुलटी बघा.

डोक्यावर, तुऱ्यावर आणि मानेच्या मागच्या बाजूला जखमा असतील तर ती भांडणं आहेत. खाद्याच्या भांड्यापाशी जागा कमी पडतेय, किंवा दोन वेगळ्या बॅच एकत्र केल्यात. गळ्याखालची आणि छातीची पिसं झिजलेली असतील तर कुणी टोचलेलं नाही. खाद्याच्या भांड्याची कड घासतेय, भांडं थोडं वर घ्या. कळपात कोंबडे असतील आणि पाठीवर, पंखांच्या मुळाशी टक्कल दिसत असेल तर कोंबडे जास्त झालेत. सगळ्या अंगावरची पिसं विरळ होऊन खालून नव्या पिसांचे कोंब येत असतील तर ती पिसं झडण्याची नैसर्गिक वेळ आहे, घाबरू नका.

उरल्या दोन जागा, आणि आपला विषय त्याच. एक, शेपटीच्या मुळाशी आणि पाठीवर उपटलेली पिसं. दोन, शेपटीखाली, अंडं बाहेर पडतं तिथली जखम. पहिलीचं मूळ गादीत असतं, दुसरीचं अंडी घालायच्या खोक्यात, उजेडात आणि बसायच्या दांड्यात. बऱ्याच शेडमध्ये दोन्ही एकदम असतात, म्हणून लोक गोंधळतात.

पाठीवरची पिसं जायच्या आधीच एक खूण मिळते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. निरोगी कळपाच्या गादीवर बारीक, मऊ पिसं नेहमी पडलेली असतात. एखाद्या संध्याकाळी गादी झाडल्यासारखी स्वच्छ दिसली, एकही बारीक पीस नाही, तर ती पिसं वाऱ्याने गेली नाहीत. कोंबड्यांनी खाल्लीत. खाली पडलेली संपली की अंगावरची उपटायला घेतात. ही खूण दिसली त्याच दिवशी कामाला लागलात तर हातात थोडे दिवस असतात.

अंडं घालताना नेमकं काय होतं

अंडं बाहेर पडताना आतलं मांस त्याच्याबरोबर बाहेर येतं आणि थोड्या वेळाने आपोआप आत जातं. लाल, ओलं, चकचकीत. कोंबडी अंधाऱ्या खोक्यात बसलेली असेल तर ते कुणाला दिसत नाही. उजेडात, उघड्यावर, किंवा दुसऱ्या कोंबडीच्या डोळ्यासमोर बसली असेल तर दिसतं, आणि चकचकीत लाल दिसेल ते टोचून बघणं हा कोंबडीचा स्वभावच आहे. त्यात माज नाही, वैरही नाही.

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका शेडचं उदाहरण सांगतो. रस्त्यालगतचा अरुंद प्लॉट, त्यामुळे लांब बाजू पूर्वेला करून शेड उभी केलेली. अंडी घालायचे खोके पश्चिमेच्या भिंतीला, तोंडं पूर्वेकडे. मेलेल्या कोंबड्या सगळ्या त्या खोक्यांच्या ओळीसमोरच सापडायच्या. मालकीणबाई म्हणाल्या, "सकाळचं ऊन लागतंय ना खोक्यात, म्हणून तिथंच बसत्यात. बरं वाटतंय त्यास्नी." गोम तिथेच होती. ऐन अंडी घालायच्या वेळेला उन्हाची तिरीप सरळ खोक्यात, बसलेल्या कोंबडीच्या मागच्या बाजूवर. पुढून येणारी-जाणारी प्रत्येक कोंबडी तिथे थबकायची. खोके उचलून पूर्वेच्या ठेंगण्या भिंतीला पाठ लावून ठेवले, तोंडाला गोणपाटाचे पडदे लावले, वरच्या जाळीवर शेडनेट ओढलं. मर आठवड्याभरात थांबली. पाठीवरची पिसं मात्र जातच राहिली, कारण तो गादीचा प्रश्न होता.

नवीन शेड बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिमच ठेवा, रुंदी २५ फुटांच्या आसपास, म्हणजे वारा आरपार जातो. पण नुसतं पूर्व-पश्चिम केलं की ऊन येतच नाही असं समजू नका. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंशांवरच असतो. पत्र्याची कड ७ फूट उंचीवर आणि ३ फूट बाहेर असेल तर दक्षिणेकडून ऊन जवळपास ३ फूट आत येतं, सकाळी तर त्याहून जास्त. आणि मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला कललेला असतो, म्हणून उत्तरेची वळचणही आखूड ठेवून चालत नाही. पत्र्याला पडलेली भोकंही बघा. दुपारी गादीवर नाण्याएवढे उन्हाचे ठिपके दिसतात, त्या प्रत्येक ठिपक्याभोवती कोंबड्या गोळा होतात. डांबर-कापडाचा तुकडा लावून भोकं बुजवा. उजेडासाठी म्हणून मध्ये एखादा पारदर्शक पत्रा टाकलेला असेल तर त्याला आतून चुना मारा.

खोके: संख्या, अंधार, गारवा

५ कोंबड्यांना १ खोका. ३०० कोंबड्या असतील तर ६०. हा आकडा ऐकून लोक कपाळाला हात लावतात, पण याच ठिकाणी काटकसर सगळ्यात महाग पडते. १२ इंच लांब, १२ इंच रुंद, १४ इंच उंच, आत भाताचं तूस, तोंडाशी ४ इंचांची पट्टी म्हणजे तूस सांडत नाही, आणि पुढे चढायला एक दांडा. वरचं छप्पर उतरतं करा, नाहीतर रात्री त्याच्यावरच झोपतात आणि शिटून ठेवतात.

खोके पुरेसे असूनही कोपऱ्यातल्या एकाच खोक्यात चार-चार घुसलेल्या दिसतात. कोंबडीला टोकाचं, आडोशाचं ठिकाण आवडतं, आणि एक बसली की दुसरीलाही तिथंच बसावंसं वाटतं. लांबच लांब सारखी ओळ असेल तर मध्ये मध्ये फळीचे आडोसे लावा, म्हणजे ओळीला जास्त कोपरे मिळतात. एवढ्या साध्या फळ्यांनी गर्दी पांगते.

पत्र्याचे खोके पश्चिमेच्या भिंतीला लावून, वर पुन्हा तापलेला पत्रा, असा प्रकार आटपाडी-जतकडे बऱ्याच शेडमध्ये दिसतो. एप्रिलच्या दुपारी त्या खोक्यात हात घालून बघा. कोंबडी तिथे जाणार नाही, ती गादीवर कोपऱ्यात अंडं घालेल, उघड्यावर, सगळ्यांच्या समोर. म्हणजे पुन्हा तीच जखम. लाकडाचे किंवा प्लायचे खोके करा. पत्र्याचेच असतील तर मागे वरच्या बाजूला हवेला भोकं पाडा आणि भिंत बदला.

खोके तलंगा १६-१७ आठवड्यांच्या असतानाच आत ठेवायचे, पहिलं अंडं दिसल्यावर नाही. रात्री तोंडं बंद करायची, पहाटे उघडायची. नाहीतर खुडूक होऊन (अंडी उबवायला) बसणाऱ्या एक-दोघी जागा अडवून बसतात.

खोके चांगले असूनही कोंबड्या अचानक जाईनाशा झाल्या, तर रात्री बॅटरी घेऊन जा. दांड्याची खालची बाजू, खोक्यांचे सांधे, फटी बघा. लालसर-करडे माइट नावाचे बारीक कीडे तिथे लपतात, दिवसा दिसत नाहीत, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. पांढरा कापडाचा बोळा फटीतून फिरवला आणि लाल ठिपके उठले की समजा. खोके रिकामे करून कडक उन्हात टाका, सांधे फ्लेम गनने भाजून घ्या, मग चुना. औषध फवारायचं असेल तर अंड्यावरच्या कोंबड्यांना चालणारं कोणतं, ते पशुवैद्यकाला विचारूनच.

बसायचे दांडे: चुकीच्या उंचीचा दांडा नसलेलाच बरा

कोंबडी रात्री उंचावर बसते, तिच्या हाडातच ते आहे. दांडे नसतील तर दुबळ्या कोंबड्यांना पळून जायला जागा उरत नाही. पण एक ते दीड फुटावर ठोकलेला एकच दांडा हा घात आहे. वर बसलेलीची शेपटीखालची बाजू खाली उभ्या कोंबडीच्या बरोबर डोळ्यासमोर येते.

खालची पायरी फक्त चढण्यापुरती असू द्या, झोपायचे दांडे ३ फुटांच्या आसपास घ्या, शिडीसारखे तिरके, चढ ४५ अंशांपेक्षा कमी. त्याहून उंच नकोत. उंचावरून धपकन उडी घेताना छातीचं हाड मोडतं. बाहेरून दिसत नाही, पण हात लावला की हाडाला वाकडेपणा, गाठ लागते. अंड्याच्या कवचासाठी जिच्या हाडातला कॅल्शियम रोज खर्च होतो तिचं हाड ठिसूळच असतं.

प्रत्येकीला ६ इंच जागा धरा, ३०० कोंबड्यांना १५० फूट दांडा. दोन दांड्यांत १ फूट अंतर, भिंतीपासून ८ इंच. दोन इंची रीप घ्या आणि सुताराकडून वरच्या कडा गोल करून घ्या. लोखंडी पाइप घसरतो. शिडीच्या खालची जागा जाळी मारून बंद करा, म्हणजे खाली उभं राहून टोचायला कुणाला मिळत नाही, शिट एका जागी जमते आणि बाकीची गादी कोरडी राहते.

गादी: खरं काम इथे आहे

मोकळ्या अंगणातली गावठी कोंबडी बघा. दिवस उजाडल्यापासून पायाने उकरणं, चोचीने टिपणं, पुन्हा उकरणं. भांड्यात आयतं खाद्य ठेवलं तरी ती उकरतेच. ही तिची गरज आहे, भुकेशी तिचा फारसा संबंध नाही. बंद शेडमध्ये पायाखाली उकरण्यासारखं काही नसेल तर चोच दुसरीकडे वळते, आणि समोर असते ती शेजारणीची पाठ. पाठीवरची पिसं उपटण्यामागचं हे कारण जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा सापडलं आहे. म्हणून युरोपीय संघाच्या १९९९च्या नियमांत पिंजऱ्याबाहेरच्या शेडमध्ये किमान एक तृतीयांश जमीन उकरता येईल अशा गादीची हवी, असं स्पष्ट लिहिलं आहे.

आपल्याकडे गादी असते, पण ती उकरता येण्यासारखी नसते. ओली होते, थापून पोळीसारखी बसते, वर शिटेचा थर. मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली आहे. दाबताना धूळ उडाली तर फार कोरडी. थोडी चिकटून लगेच सुटली तर बरोबर. आणि उभ्याने वास घेऊ नका, कोंबडीच्या उंचीला उकिडवे बसा. डोळे चुरचुरले तर कोंबडी दिवसभर त्याच हवेत आहे.

तूस शिराळा, पाटणकडच्या भाताच्या गिरण्यांतून मिळतं. शेंगांची टरफलं चांगली. उसाचं चिपाड कारखान्याच्या भागात स्वस्त पडतं, पण ते आधी खडखडीत वाळवून घ्या. ओलसर चिपाडाला बुरशी येते आणि ती कोंबडीच्या फुप्फुसात जाते. पाचट गादीला नको, लांब असतं, गुंतून त्याची चटई होते. ते पत्र्यावर टाका, उन्हाळ्यात कामाला येतं. गादी ३-४ इंच ठेवा आणि एक दिवसाआड दाताळ्याने खालीवर करा.

इथे भागाभागाचा फरक येतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा पडला तरी लोक समाधानी असतात. जावळी-पाटणच्या शेडला गादी कोरडी ठेवायची झुंज, तर माण-जतच्या शेडला उष्णतेची. पावसाळी भागात सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे वरून खाली सोडलेले ताडपत्रीचे पडदे. पाऊस आला की पडदा सोडतात, आणि वरची फट पहिल्यांदा बंद होते. गरम, वासाची, ओलसर हवा वर जाते आणि तिथेच अडकते. पडदा खालच्या भिंतीला बांधा आणि दोरीने वर ओढा, वरची १ फूट फट कायम उघडी राहू द्या. सांगलीच्या बाजारात मिळणारी तीच ताडपत्री, फक्त उलटी बांधायची.

दुसरी ओल पाण्याच्या भांड्यांची. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवी. भांडी जाळीच्या चौकटीवर ठेवा, सांडलेलं खाली जाईल, गादीत मुरणार नाही. पाण्यात मीठ टाकण्याचा उपाय इथेच अंगाशी येतो. तयार खाद्यात मीठ असतंच. वरून आणखी दिलं की कोंबड्या जास्त पाणी पितात, पातळ शिटतात, आणि गादीचा चिखल होतो.

गादी सुधारली की तिला काम द्या. दुपारी चारच्या सुमाराला कोंबडीमागे ५ ग्रॅम ज्वारी किंवा बाजरी गादीत विखरून टाका, ३०० कोंबड्यांना दीड किलो. तासभर उकरत बसतात आणि गादी आपोआप खालीवर होते. कडब्याची पेंढी पाल्यासकट, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला टांगा. शाळूचा कडबा असेल तर उत्तम. दोन दिवसांत पाला ओरबाडून नुसती ताटं उरतात, मग बदला. बुरशी आलेला कडबा नको. लसूणघासाची जुडी, कोबीचा बाहेरचा पाला, शेवग्याच्या डहाळ्या, सगळं चालतं, मात्र फवारणीचा माल नको. तासगाव-पलूसच्या बागाईतदारांनी हे विशेष लक्षात ठेवावं. द्राक्षबागेत कोंबड्या सोडायचा मोह फवारणीच्या हंगामात टाळलेला बरा. एका कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांची चौकट करून कोरडी माती, वाळू आणि चुलीची राख भरा. धुळीत अंघोळ केली की पिसांतले कीडे जातात आणि पिसं चांगली राहतात.

हे सगळं खर्चिक नाही. तरी करणारे थोडे, कारण पुडी आणून पाण्यात टाकणं सोपं वाटतं.

जागा, गर्दी, उष्णता

गादीवर एका कोंबडीला २ चौरस फूट. ३०० कोंबड्यांना २० बाय ३० ची शेड. खाद्याच्या भांड्याला प्रत्येकीला ४ इंच कड मिळाली पाहिजे. एका वेळी सगळ्या खाऊ शकल्या तर डोक्यावरच्या जखमा बहुतेक संपतात.

पारा ३५च्या वर गेला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, खातात कमी, चिडतात जास्त. पत्र्यावर पांढरा चुना किंवा पाचट, वाऱ्याच्या बाजूला ओली गोणपाटं, पाण्याच्या टाकीवर सावली, पश्चिमेला शेवगा किंवा कडुलिंब. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नळ) लावलात तर दुपारी थोडा थोडा वेळच, गादी भिजेपर्यंत नाही.

शेडबाहेरची दोन कारणं

पहिलं खाद्य. मका स्वस्त झाला की लेअर मॅशमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) घरचा भरडा मिसळायची पद्धत आहे. हिशोब करून बघा: १७ टक्के प्रथिनांचं ७० किलो खाद्य आणि ९ टक्क्यांचा ३० किलो मका मिसळला की १४.६ टक्के उरतात. मिथिओनिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) आणि मीठही त्याच प्रमाणात पातळ होतं. पिसं प्रथिनांचीच असतात, ती कमतरता कोंबडी शेजारणीच्या पाठीवरून भरून काढायला बघते. संध्याकाळी मूठमूठ धान्य वेगळं, आणि खाद्यात ३० टक्के भर वेगळी.

दुसरं बल्ब. अंडी लवकर यावीत म्हणून एकदम १६ तास उजेड देतात. वजन न भरलेली तलंग अशी घाईने अंड्यावर आली की मोठं अंडं तिला झेपत नाही आणि अंग बाहेर येतं. ते बाहेर राहिलं की पुढचं तुम्हाला माहीत आहे. आठवड्याला अर्धा तास असा उजेड वाढवा, आणि तो पहाटे वाढवा. रात्री बल्ब लावून खटकन बंद केला की निम्म्या कोंबड्या दांड्यावर चढायच्या आधीच अंधारात सापडतात. लाईट गेली तरी तेच. सूर्यास्ताबरोबर हळूहळू अंधार पडणं त्यांना सोयीचं.

चोच कापावी का?

हा वादाचा विषय, तरी माझं मत सांगतो. चोचीच्या टोकाला नसा असतात, आणि १४-१५ आठवड्यांच्या तलंगेची चोच पुन्हा तासणं म्हणजे तिला बराच काळ टिकणारी वेदना देणं. खाणं कमी होतं, वजन घटतं, आणि वजन घटलेली तलंग अंड्यावर आली की काय होतं ते वर लिहिलंच आहे. चोच कापल्याने जखम लहान होते, टोचणं थांबत नाही. नेदरलँड्समध्ये सप्टेंबर २०१८ पासून चोच कापायला बंदी आहे आणि तिथे लाखो कोंबड्या गादीवर पाळल्या जातात. तिथल्या लोकांनी वेळ आणि पैसा उजेड, गादी आणि पिल्लांच्या संगोपनावर घातला. आपल्याकडे पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात चोचीचं टोक काढलेलं असतं, ते असू द्या. त्यानंतर पुन्हा हात लावू नका.

विट्याकडच्या पिंजऱ्याच्या शेडवाल्यांना यातलं निम्मं लागू होत नाही हे मान्य. पिंजऱ्यात उकरायला जागाच नाही. युरोपात २०१२च्या सुरुवातीपासून असे खोका-दांडा नसलेले नुसत्या तारांचे पिंजरे बंद झाले. तिथल्या पिंजऱ्यात प्रत्येकीला किमान ७५० चौरस सेंटिमीटर जागा, खोका आणि दांडा द्यावा लागतो. ते इथे उद्या होणार नाही. पण पिंजऱ्यात एक कोंबडी कमी भरणं, बल्बखालच्या ओळीवरचा झगमगाट कमी करणं, तुटलेल्या तारा बदलणं आजही जमतं.

पुढची बॅच ठरवताना

तयार तलंगा घेणार असाल तर देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: पिल्लांना दांडे कधी दिले? स्वीडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या पिल्लांना ४ आठवड्यांच्या आत दांडे मिळाले होते त्यांच्यात पुढे जमिनीवर अंडी घालणं आणि मागून टोचणं, दोन्ही कमी आढळलं. लहानपणी वर चढायला न शिकलेली कोंबडी मोठेपणी खोक्यातही नीट चढत नाही. पिंजऱ्यात वाढवलेल्या तलंगा गादीच्या शेडसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. नाइलाजाने घेतल्याच, तर पहिला आठवडा रोज अंधार पडल्यावर खाली बसलेल्या उचलून दांड्यावर ठेवायची तयारी असू द्या.

आणि हे सगळं नीट असूनही एकापाठोपाठ कोंबड्यांचं अंग बाहेर येत असेल, किंवा जखम नसताना कोंबड्या मरत असतील, तर शेडमध्ये आणखी शोधू नका, शवविच्छेदन करून घ्या. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच. साताऱ्याच्या बाजूच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोंबडी मेल्यावर लगेच दुहेरी पिशवीत घालून बर्फात ठेवा, डीप फ्रीजमध्ये गोठवू नका. सोबत किलोभर खाद्य न्या, आणि कागदावर बॅचचं वय, दहा-वीस कोंबड्यांचं सरासरी वजन, बल्बची वेळ आणि दिलेल्या लसी लिहून न्या. बहुतेक जण नुसती मेलेली कोंबडी घेऊन जातात आणि हे विचारलं की घरी फोन लावत बसतात.